साहेबांच्या कपाटातला पासपोर्ट

२००४ सालच्या मे महिन्यातला शनिवार. अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळाची सहल डेट्रॉइटमधल्या एका जुन्या चर्चमध्ये गेली होती. ठरवली होती मंडळाच्या सांस्कृतिक सचिव मालिनीने. "आपल्या मुलांना इथली हिस्टरी कळायला हवी," असं तिने सगळ्यांना ईमेलवर कळवलं होतं. तिची दहा वर्षांची सिया पुढे पळत होती. मागून, कडेवर धाकट्या देवला आणि हातात कोथिंबीरवडीचा डबा घेऊन कांचन येत होती.

कांचन वाईजवळच्या खेड्यातली विधवा. मालिनी आणि तिचा नवरा पुरुषोत्तम यांनी तीन वर्षांपूर्वी तिला देवला सांभाळायला आणलं होतं. "घरच्यासारखीच आहे," असं मालिनी सगळ्यांना सांगे. घरच्यासारखी असल्यामुळे तिला सुट्टी नव्हती. एकटीने बाहेर जायचीही मुभा नव्हती.

तळघरात ज्ञानदा मुलांसाठी इंग्रजीतून माहिती सांगत होती. ती युनिव्हर्सिटीत इतिहासाचं संशोधन करणारी पुण्याची मुलगी. अमेरिकेच्या दक्षिणेतून पळून आलेले गुलाम इथे लपत, मग जवळची नदी ओलांडून कॅनडात जात. लपवणाऱ्याला पुढचं एकच घर ठाऊक असे. कोणी कोणाला जास्त विचारत नसे, सांगत नसे. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि सगळे जेवायला वर गेले.

कांचनला काही कळलं नसेल म्हणून ज्ञानदाने तिला थांबवून तेच मराठीत सांगितलं. कांचनने सगळं नीट ऐकून घेतलं.

"ताई, ह्या लोकांचे पासपोर्ट कुणाकडं असायचे?"

"पासपोर्ट नव्हतेच. मालक लिहून देईल ती चिठ्ठी, तेवढीच. का गं?"

"माझा साहेबांच्या कपाटात हाय. सासू गेली तवा मागितला, तर दिला न्हाई." तिने देवला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मला हितनं भाईर काढाल का?"

ज्ञानदाला लाज वाटली. ती मालिनीच्या घरी कितीदा जेवली होती. "काढते," ती म्हणाली.

मुलगी चांगली होती आणि तिथेच चुकली. पोलिसांना कळवावं असं तिच्या मनात आलं होतं. पण आपलीच माणसं, चव्हाट्यावर कशाला आणायची? म्हणून तिने मंडळातल्या सर्वांत ज्येष्ठ विनीताकाकूंना विश्वासात घेतलं.

"बरं केलंस मला सांगितलंस," काकू म्हणाल्या. "मी मालिनीशी गोडीगुलाबीने बोलते."

काकू बोलल्या. चौथ्या दिवशी कांचन ट्रॉयमध्ये नव्हती.

जूनमध्ये काकूंकडे सत्यनारायण होता. प्रसाद वाटून झाल्यावर ज्ञानदाने सगळ्यांसमोर विचारलं, "मालिनीताई, कांचन कुठे आहे?"

"इंडियाला गेली गं. होमसिक झाली होती."

"नो मॉम," सिया शिऱ्याचा घास गिळत म्हणाली, "शी इज इन फ्रीमाँट. ॲट मावशीज हाउस."

कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. म्हणजे सगळ्यांना ठाऊकच होतं. एका बहिणीने कॅलिफोर्नियातल्या दुसरीला जुना सोफा द्यावा तशी बाई देऊन टाकली होती, आणि आमची ही शिकलीसवरलेली मंडळी प्रसाद छान झालाय म्हणत होती.

ज्ञानदाने पर्समधून फोन काढला.

"ज्ञानदा, हे घरात बसून मिटवू," पुरुषोत्तम म्हणाला. "आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे यार."

"आपल्या माणसांचं असं करतात का?" काकूंनी विचारलं.

"कांचन कोणाचं माणूस आहे, काकू?"

तिने पोलिसांना फोन लावला. काय झालं, कुठे झालं, सगळं सांगितलं. मग पलीकडून प्रश्न आला. फोन कानापासून दूर करून तिने तो मराठीत खोलीतल्या सगळ्यांना विचारला.

"कांचनचं आडनाव काय?"

तीन वर्षं तिच्या हातच्या पोळ्या खाल्लेली वीस-पंचवीस माणसं एकमेकांकडे बघू लागली. त्यांतल्या कोणालाच ते माहीत नव्हतं. ज्या दोघांना माहीत होतं, ते खाली मान घालून शिरा खात होते.