पाहुण्याचे देणे

मी एक जुना पटर आहे. पटर म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. गोल्फमध्ये चेंडू लांब मारायला मोठ्या डोक्याच्या काठ्या असतात. त्या सपकन फिरतात आणि सगळी वाहवा लुटतात. चेंडू होलच्या, म्हणजे ज्यात तो घालायचा त्या खळग्याच्या जवळ, बारीक कापलेल्या हिरवळीवर आला, की मग मला पिशवीतून बाहेर काढतात. मला जोर करायचा नसतो, चेंडूला फक्त हलकेच ढकलायचे असते. पण मित्रांनो, भल्याभल्यांच्या तोंडचे पाणी पळते ते माझ्याच वेळी.

माझे पितळी डोके नळाच्या तोट्या ओतणाऱ्या कारखान्यात घडले. तिथल्या म्हाताऱ्या ओताऱ्याने फावल्या वेळात मला साच्यात ओतले, आणि माझा चेहरा सपाट होईपर्यंत तो कानस घासत बसला होता. माझा पहिला मालक दातांचा डॉक्टर. तो मला जुन्या लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवायचा आणि हरला तर सगळ्यांना चहा पाजायचा. पुढे त्याचा खांदा धरला, आणि मी माळ्यावर मोडक्या छत्र्यांच्या शेजारी जाऊन पडलो. माझे पितळ हिरवे पडले. मला वाटले, संपले आपले.

तिथून मला ज्याने सोडवले, त्याला मैदानावर सगळे रोकडा म्हणत. तो आणि त्याची बायको मिळून काचेचे दुकान चालवीत. खिडक्यांच्या काचा तो कापायचा. आरशांच्या कडा ओल्या दगडावर घासून गुळगुळीत करायचे काम तिचे. दुकान दोघांनी पै पै जोडून उभे केले होते. त्याच्या तळहातावर काचेचे बारीक चरे होते, आणि त्या चऱ्यांवरून मी त्याचा हात अंधारातही ओळखला असता. हात मात्र असा स्थिर, की मला त्याच्या हातात स्वतःचे वजन जाणवत नसे.

रोकडा पैज लावूनच खेळायचा. त्या मैदानावर सगळेच लावायचे, आणि रकमा चहापाण्याच्या नव्हत्या. पण तो हरला तर बुटांच्या नाड्या सोडण्याआधी पैसे मोजून द्यायचा. त्याचे नाव त्यावरूनच पडले होते. ‘रोकडाचा शब्द म्हणजे हातात पैसे,’ असे कोणी म्हटले, की स्वारी दिवसभर खुशीत असे.

आणि याच खुशीवर एकाने गळ टाकला.

तो माणूस दुकानात आरसा करून घ्यायला आला होता. गोड बोलणारा, कमरेला पट्टा बांधलेला, उठता-बसता कण्हणारा. बोलता बोलता गोल्फचा विषय निघाला. “भाऊ, तुमच्याबद्दल ऐकलंय मी. शब्दाला जागणारी माणसं राहिलीत कुठे हल्ली?” झाले! आमचे मालक हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि त्याला मैदानावर घेऊन गेले. मैदानावर त्याला सगळे पाहुणा म्हणू लागले.

इथे तुम्हाला त्या मैदानाचा एक रिवाज सांगायला हवा. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळत. बाहेरच्या माणसाला जो घेऊन येईल, त्याने त्याच्या देण्याला जबाबदार राहायचे. पाहुण्याने काखा वर केल्या, तर पैसे आणणाऱ्याने भरायचे. अनोळखी माणसाशी लोक बेधडक पैज लावत, ते याच भरवशावर.

पाहुणा पहिले काही आठवडे हरत राहिला. लहान लहान रकमा हरायचा आणि हसत हसत चुकत्या करायचा. त्याचा चेंडू कधी झाडीत, कधी वाळूत. मला मात्र एक गोष्ट खटकत होती. हिरवळीवर तो चुकायचा, पण दर वेळी सारखाच चुकायचा, होलच्या उजव्या काठाला घासून. मित्रांनो, ज्याला खरोखर येत नाही तो इतका नेमका चुकत नाही. पण मला वाचा कुठे होती?

मग एके दिवशी पाहुण्याने मोठा डाव मांडला. रोकडाशी सामना, आणि ज्याला रोकडावर पैसे लावायचे असतील त्या प्रत्येकाशी वेगळी पैज. “कितीही लावा, सगळ्यांचं घेतो. फक्त माझी कंबर अशी, तेव्हा बरोबरी झाली तर जिंकलो मी. चालेल?” सगळे हसले आणि हो म्हणाले. बसमालकाने लावले, औषधवाल्याने लावले. हात कोणीच आखडता घेतला नाही.

सामन्याच्या सकाळी बायकोने दुकानाचे शटर वर करता करता विचारले, “अहो, त्याला आणलंत तुम्ही. एवढ्या पैजा घेतल्यात त्याने, उद्या पैसे नाही दिले तर?”

“माणूस पक्का आहे गं. आजवर कधी राहिलंय त्याचं?”

“आजवर चिल्लर होती,” ती म्हणाली. रोकडाने मला खांद्यावर टाकले आणि तो निघाला.

पाहुणा आला तो पट्ट्याशिवाय. पहिलाच चेंडू त्याने असा सरळ आणि लांब मारला, की बसमालकाच्या तोंडातली सुपारी तोंडातच राहिली. सगळ्यांना एकदम उमगले, की आपण फसलो. पण रोकडा डगमगला नाही. त्या दिवशी तो जसा खेळला तसा मी त्याला कधीच पाहिला नव्हता. तो मागे पडायचा, पुन्हा गाठायचा. माझ्या कातडी मुठीला त्याचा घाम लागत होता, पण हात हलत नव्हता.

शेवटच्या होलवर पाहुण्याचा चेंडू काठावरून वळला आणि बाहेर राहिला. या वेळी तो खरोखरच चुकला होता. आता रोकडाचा चेंडू आत गेला तर तो जिंकणार होता. चुकला तर बरोबरी, म्हणजे पाहुण्याची जीत. अंतर माझ्या उंचीपेक्षा जरासेच जास्त होते. असे चेंडू मी झोपेतही घातले असते.

तेवढ्यात पाहुणा जवळ आला आणि उतार पाहत असल्यासारखा वाकला. इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “भाऊ, नीट ऐका. माझ्या खिशात दमडी नाही. तुम्ही जिंकलात तर या सगळ्यांचं देणं माझ्यावर येईल, आणि मी तर निघालो. मग ते कोणावर येईल?”

रोकडाने होलकडे पाहिले.

“चुकवा. एवढासा तर चुकवायचाय. हे सगळे मला देतील, आणि त्यातलं अर्धं तुमचं. दुकान वाचेल. कोणाला कळणारसुद्धा नाही.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याच्या हातात स्वतःचे वजन जाणवले. तो चेंडूपाशी उभा राहिला, बाजूला झाला, पुन्हा उभा राहिला. मागून बसमालक ओरडला, “मार ना बाबा, जीव घेतोस का आता?” माझा चेहरा किंचित तिरका झाला. मला वाटले, हा चुकवणार. आणि खरे सांगतो, आरशांच्या कडा घासणारी ती बाई आठवली आणि मलाही वाटले, चुकव रे बाबा.

मग त्याने श्वास सोडला, मला सरळ केले आणि ढकलले. चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज आला.

एकच जल्लोष झाला. “पाकीट गाडीत आहे, आणतो,” असे म्हणून पाहुणा गेला आणि त्याने धूम ठोकली. वाट पाहून पाहून लोक गप्प झाले. मग बसमालकाने हळूच विचारले, “याला आणला कोणी?”

“मी आणला,” रोकडा म्हणाला. “माझ्याकडून घ्या.”

बसमालक जमिनीकडे बघू लागला. औषधवाला चांगला होता. तो म्हणाला, “अरे, आपण सगळेच फसलो. अर्ध्यावर मिटवू. काय रे?” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. पण रोकडाने छाती पुढे काढली. “रोकडाने आजवर कोणाला अर्धं दिलेलं नाही.”

दुकान गेले. काचा, कपाटे, ओला दगडसुद्धा गेला. ज्या संध्याकाळी किल्ल्या दिल्या, त्या संध्याकाळी त्याने बायकोला सगळे सांगितले, पाहुण्याची कुजबुजसुद्धा. ती रिकाम्या फळीवर टेकून ऐकत होती.

“चुकवला नाहीत, ते बरोबर केलंत,” ती म्हणाली. “चुकवला असतात तर मी तोंड पाहिलं नसतं तुमचं. पण ते अर्ध्यावर तयार होते ना?”

“माझा शब्द होता गं.”

“शब्द तुमचा होता. दुकान दोघांचं होतं. एकदा घरी येऊन मला विचारलं असतंत, तर काय बिघडलं असतं?”

तो फळीवरची धूळ बोटाने पुसत राहिला. मी कोपऱ्यात उभा होतो. माणसे त्याला मैदानावर अजून मानतात, हे मला ठाऊक आहे. पण मला त्या दोघांचेही फार वाईट वाटले.

पुढे त्यांनी एक शेड भाड्याने घेतली. तो दुसऱ्यांच्या काचा बसवायला जाऊ लागला. मैदानावर तो परत गेला नाही. एक दिवस जुन्या वस्तूंचा व्यापारी आला, त्याने मला उचलून पाहिले आणि चांगली किंमत सांगितली. रोकडा आत गेला.

“काय करू? विकू का?” त्याने बायकोला विचारले.

ती बाहेर आली. तिने मला पहिल्यांदाच हातात घेतले. तिच्या बोटांनाही तसेच चरे होते, त्याच्यापेक्षा जास्तच. तिने माझ्या सपाट चेहऱ्यावरून अंगठा फिरवला.

“विका,” ती म्हणाली. “मला घासायचा दगड घ्यायचाय.”

मित्रांनो, तेव्हापासून मी या व्यापाऱ्याच्या दुकानात उभा आहे. मला कोणी नेलेच, तर कोरड्या फडक्याने पुसत जा. पितळाला ओल सोसत नाही. घरच्या सतरंजीवर मुलांबरोबर चेंडू ढकला, मला तेवढे पुरे आहे. पैज लावायचीच झाली, तर मला आधी भिंतीला टेकवून ठेवा आणि घरी जाऊन विचारून या. मी तोवर थांबेन.