कुंचल्याचं टोक

खारूचे ओठ हिरवे झाले होते.

आत्या स्वयंपाकघरातून दोन कप घेऊन आली, एकात स्वतःचा चहा, दुसऱ्यात पोरीचं दूध, आणि दारातच थबकली. खारू टेबलावर ओणवी होऊन गवत काढण्यात गर्क होती. तिने ब्रश पाण्यात बुडवला, रंगात फिरवला, दोन ओठांत धरून हलकेच ओढला आणि सुईसारखं टोक काढून कागदावर टेकवला. अगदी सराईत हाताने.

ही लकब आत्याची होती. चाळीस वर्षं तिने असंच टोक काढलं होतं. चित्रकलेच्या वर्गातल्या मुलांना मात्र ती बजावायची, "ब्रश तोंडात घालायचा नाही हं!" आणि तोंडाने हे सांगताना ब्रश कुठे असायचा, ते मुलं बघतच असायची.

खारू म्हणजे तिच्या धाकट्या भावाची नऊ वर्षांची मुलगी. खारीसारखी एका जागी ठरायची नाही म्हणून घरात हे नाव पडलेलं. शनिवारी आईबाप कामावर गेले की ती आत्याकडे चित्रं काढायला यायची. "खारूच्या हातात खारीच्या केसांचा ब्रश," असं आत्या गमतीनं म्हणायची, आणि खारू दर वेळी विचारायची, "पण खारीला विचारलं होतं का?"

आत्या आता रागावणार, निदान "अगं, घाणेरडे!" म्हणणार, एवढ्यात तिची नजर टेबलाच्या कडेला गेली. तिथे काळा पत्र्याचा डबा होता. झाकण उघडं होतं.

तो डबा आत्याच्या गुरूंचा. आज सकाळी तिने तो कपाटावरून काढला होता, जुन्या काळी रंगाच्या वड्या कशा असत ते पोरीला दाखवायला. "यातलं काही वापरायचं नाही," एवढंच सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. पोर उगाच घाबरेल म्हणून. आणि मग डबा वर ठेवायचा राहिला होता.

त्यातली एक वडी हिरवी होती. डोळ्यांत भरणारी, कोवळ्या पानासारखी हिरवी. डबा हाती देताना गुरू म्हणाले होते, "हा रंग फक्त बघायचा. हा विषारी आहे." ती वडी आता ओली होऊन चकाकत होती.

आत्याने कप कुठे ठेवले ते तिचं तिलाही कळलं नाही.

"खारू! कुठला हिरवा घेतलास?"

तिचा आवाज चिरकला. या घरात तो आवाज खारूने कधी ऐकला नव्हता. ब्रश तिच्या हातातून गळला.

"तो... साधाच."

"या डब्याला हात लावलास?"

"नाही."

"मग वडी ओली कशी?"

खारूने ओठ घट्ट मिटले. हिरवे ओठ. इतक्या वर्षांत शेकडो मुलं तिच्या हाताखालून गेली होती. घाबरलेलं मूल खरं बोलत नाही, ज्याने ओरडणं थांबेल ते बोलतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? आणि तरी तिनेच पोरीला घाबरवून ठेवलं होतं. आता तिच्या "हो"चा उपयोग नव्हता आणि "नाही"चाही.

वडी ओली असणं हाही पुरावा नव्हता. चित्राला बसलं की आधी सगळ्या वड्यांवर दोन-दोन थेंब पाणी टाकायचं, त्या मऊ होऊ द्यायच्या, म्हणजे ब्रश घासावा लागत नाही, हा तिचाच पहिला धडा. खारूने रोजच्या आणि या जुन्या, दोन्ही डब्यांतल्या वड्यांना पाणी घातलं असणार. पण घातल्यावर घेतलं काय?

तिने रस्त्याच्या टोकाच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर लहानपणी तिच्याकडेच चित्रकला शिकलेल्या.

"बाई, आधी शांत व्हा," डॉक्टर म्हणाल्या. "चूळ भरायला लावा, ओठ पुसा. उलटी करवू नका, काही पाजू नका. तो रंग पिशवीत बांधून आणा. आणि मला एक सांगा, पोटात किती गेला असेल?"

किती. हा एकच शब्द आत्याच्या डोक्यात घुमत राहिला.

तिने डबा पिशवीत बांधला, पोरीचे ओठ पुसले, चुळा भरायला लावल्या आणि दाराशी पोचल्यावर परत फिरून चित्राचा बोर्डही उचलला. का, ते तिला सांगता आलं नसतं. पोर खरं बोलणार नव्हती. चित्र कदाचित बोललं असतं.

रस्त्यावरून दोघी जवळजवळ पळतच निघाल्या. खांद्याला पिशवी, एका हातात खारूचं मनगट, दुसऱ्या हातावर बोर्ड. तोही ताटासारखा आडवा, कारण ओलं चित्र उभं धरायचं नाही ही सवय हाडात मुरलेली. समोरून येणारा पोस्टमन बाजूला झाला आणि बघतच राहिला.

"आत्या, हात नको ना हलवू," खारू धापा टाकत म्हणाली. "रंग वाहील."

"वाहू दे गं बाई, वाहू दे!"

"मी मरणार आहे का?"

"गप्प! काहीतरी बोलू नकोस." आणि मग, न राहवून, "पोटात दुखतंय का तुझ्या?"

"थोडंसं."

आत्याने पावलं आणखी भरभर उचलली. दुखत होतं ते विषानं की भीतीनं?

डॉक्टरांनी खारूला टेबलावर निजवलं, जीभ पाहिली, पोट दाबलं, नाडी मोजली. मग आत्याकडे वळल्या. "बोला बाई. किती?"

आत्याने बोर्ड खिडकीखालच्या बाकावर ठेवला, चष्मा पुसला आणि वाकली. मुलांची चित्रं तिने आयुष्यभर पाहिली होती, पण भीतीने अशी कधी नाही.

आकाश रुंद ब्रशने एका दमात भरलेलं. त्याला टोक लागत नाही. डोंगर आणि एक झाड ओल्या कागदावर सोडलेली, कडा पसरलेल्या. त्यांनाही नाही. हिरव्यात टोक लागलं होतं फक्त गवताला. ती पाती मोजू लागली. ब्रश भरला की पहिलं पातं गडद येतं, पुढची फिकी होत जातात, आणि रंग संपला की पुन्हा गडद. म्हणजे जितकी गडद पाती, तितक्या वेळा ब्रश भरला, आणि तितक्याच वेळा तोंडात गेला.

नऊ. दहा. अकरा.

"अकरा वेळा," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला.

"आणि हिरवा कुठला?"

"तेच बघतेय. थोडा कापूस द्या. आणि पाणी."

"बाई, मला मोठ्या दवाखान्यात फोन करायचाय..."

"तुम्ही करा फोन. मला कापूस द्या."

डॉक्टरांनी एका हाताने फोन फिरवत दुसऱ्या हाताने कापसाचा डबा पुढे सरकवला. जुन्या विद्यार्थिनीवर काही हक्क राहतातच.

आत्याने कापूस ओला केला आणि गवताच्या सर्वांत गडद पात्यावर ठेवला. मनात दहा आकडे मोजले. अल्ट्रामरीन निळा कागदावर नुसता बसतो, ओलं केलं की उठतो. तिच्या रोजच्या डब्यातला पिवळा मात्र कागदात मुरतो, सहजी निघत नाही. या दोघांचा मिसळून केलेला हिरवा असेल तर तो फुटेल. त्या जुन्या वडीचा असेल तर जो काही उठेल तो हिरवाच उठेल.

तिने कापूस उचलला. त्याच्यावर निळसर डाग होता. कागदावर पिवळं पातं उरलं होतं.

तिने दुसरं पाहिलं. तिसरं. अकराच्या अकरा गडद पाती तिने टिपली, आणि दर वेळी हिरवा फुटला. "तयार हिरव्यावर भरवसा ठेवायचा नाही, आपला हिरवा आपण करायचा," हे तिने खारूला कितीदा सांगितलं असेल, आणि खारूने कितीदा तोंड वेंगाडलं असेल!

"मिसळलेला आहे," ती पुटपुटली. "पोरीने मिसळलाय. हा तो नव्हे."

डॉक्टरांनी श्वास सोडला. आत्यानेही सोडला असता. पण तेवढ्यात तिला झाडावरचा पोपट दिसला.

नखाएवढा पोपट. कोवळ्या पानासारखा हिरवा. तिने कापूस लावला. कापूस हिरवा झाला.

आत्या टेबलाजवळ गेली. ओरडावंसं वाटत होतं, गदागदा हलवावंसं वाटत होतं. ती स्टूल ओढून खाली बसली, तोंड पोरीच्या तोंडाच्या पातळीत आणून.

"खारू, चूक माझी आहे. ब्रश तोंडात मी घालते. तू माझं बघून शिकलीस. तो डबा मी वर ठेवला नाही, आणि त्यात विष आहे हे तुला सांगितलंही नाही. तू मला न सांगता हात लावलास, ती चूक बारीकशी आहे. माझी मोठी आहे. तुला कोणी ओरडणार नाही. पोपट कसा काढलास?"

खारूचे डोळे भरून आले.

"बोटानं," ती म्हणाली.

"ब्रशने नाही?"

"ब्रश तिकडे नेला असता तर त्या काळ्या डब्यातल्या वडीला निळा लागला असता. तुला कळलं असतं."

डॉक्टरांनी तोवर भिंग काढलं होतं. आत्याने ते पोपटावर धरलं. हिरव्या ठिपक्यात बारीक, वाकड्या रेषा होत्या. बोटाच्या रेषा. चोच तेवढी नंतर ब्रशने लाल रंगात काढलेली.

"मग बोट कुठे पुसलंस? चाटलं नाहीस ना? खरं सांग हं, राणी."

खारूने नाही अशी मान हलवली आणि फ्रॉकचा घेर उलटा केला. आतल्या शिवणीवर, आईला दिसू नये अशा जागी, हिरवा पट्टा होता. उजव्या तर्जनीच्या नखातही हिरवी कड.

"आधी हात," डॉक्टर म्हणाल्या, आणि साबण, नखं घासायचा ब्रश, पुन्हा साबण. फ्रॉक पिशवीत बांधला. रक्त घेतलं, लघवी तपासायला पाठवली. "चित्र खोटं बोलत नसेल, बाई, पण मी त्याच्यावरून औषधोपचार ठरवू शकत नाही. संध्याकाळपर्यंत इथेच थांबा."

दवाखान्याचा ढगळ सदरा घालून खारू बाकावर बसली. आत्या दर पाच मिनिटांनी विचारायची, "दुखतंय?" खारू म्हणायची, "नाही." मग आत्याला वाटायचं, खरं बोलतेय ना? मग तिने भावाला फोन केला. तो धावत आला, लेकीला मांडीवर घेऊन बसला. बहिणीकडे त्याने बराच वेळ पाहिलं नाही. ते तिला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

सहा वाजता डॉक्टर हातात कागद घेऊन आल्या. तिघंही उभी राहिली.

"काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "घरी न्या. डबा आणि फ्रॉक माझ्याकडे राहू द्या, त्याची विल्हेवाट नीट लावावी लागेल."

"आणि पोपट?" खारूने विचारलं.

"पोपटही."

पुढच्या शनिवारी खारू आली. तिच्या बापाने दाराशी उभं राहून म्हटलं, "ताई, लक्ष ठेव," आणि आत्या म्हणाली, "हो रे." दोघींनी कागद ओला केला, वड्यांवर थेंब टाकले. "टोक असं काढायचं," आत्या म्हणाली. "भांड्याच्या काठावर ब्रश आडवा टेकवायचा, गोल फिरवत ओढायचा. मग एक झटका." खारूने केलं. टोक छान आलं.

मग आत्याने स्वतःचा ब्रश भरला. झाडाची बारीक फांदी काढायची होती, मन फांदीत होतं. हात आपोआप वर चालला.

मनगटावर चिमुकली बोटं आवळली गेली. घट्ट, थंडगार.

"आत्या," खारू म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ब्रश ओठांपासून चार बोटांवर होता. आत्याने तो खाली आणला, भांड्याच्या काठावर टेकवला आणि गोल फिरवला. खारूने मनगट सोडलं नाही.