माझ्या पोटात न आलेला चेक

मित्रांनो, मी एका घराची जुनी टपालपेटी आहे; टपालवाला घरचं टपाल माझ्यातच टाकून जातो. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, मक्याच्या शेतांमधून गेलेल्या खडीच्या रस्त्याकडेला मी उभी असते. बर्फ लोटणाऱ्या गाडीनं आधीची पेटी उडवली, म्हणून घरमालक स्टॅन कोझाकनं जाड पत्रा वाकवून मला घडवलं आणि सिमेंट भरलेल्या दुधाच्या कॅनवर बसवलं. "आता ये म्हणावं!" असं म्हणत त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली होती.

तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. जगात जे येतं-जातं ते माझ्याच पोटातून, असं मला वाटे. पुढं स्टॅन गेला. माझा रंग उडाला, बिजागरीत गांधीलमाश्यांनी घर केलं, आणि कुणी ढुंकून पाहिलं नाही. स्टॅनची बायको व्हर्ना मात्र रोज येई, कारण मोबाईलला रेंज माझ्यापाशीच मिळते.

यंदा ती माझ्यात हात घालून कोपरे चाचपू लागली. राज्याला जादा भरलेल्या कराचा परतावा वसंतात यायचा, तो मका पिकला तरी आला नव्हता. त्यातून तिला हिवाळ्यात घर तापवायचा गॅस भरायचा होता. तिचा संशय टपालवाल्या ड्वेनवर गेला.

"ड्वेन, माझा चेक कुठं जिरला रे?"

"व्हर्नाबाई, मी पाकिटं वाहतो, गिळत नाही."

"पोराला ट्रक घेतलास म्हणे नवा!"

ड्वेनचा चेहरा पडला. त्यानं गाडी काढली. पूर्वी टपाल नसलं तरी तो दोन गोष्टी बोलायला थांबायचा, आता थांबेनासा झाला. इकडं व्हर्नानं त्याच्या साहेबाकडे तक्रार करायचं ठरवलं. निवृत्तीला टेकलेला माणूस. चोरीचा डाग लागला असता तर नोकरीही गेली असती आणि नावही. आणि मला तोंड असून बोलता येईना!

तक्रारीआधी एकदा विचारावं म्हणून तिनं माझ्यावर कोपर टेकून राज्याच्या कर कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक बाई बोलली.

"परतावा कधीच मंजूर झालाय. पण तुमच्याकडे वॉशिंग्टनची बाकी आहे ना? तिकडं वळता केला."

बाकी होती खरी. स्टॅनच्या आजारपणात म्हातारपणाची पुंजी मोडली, त्यावरचा वॉशिंग्टनचा, म्हणजे केंद्र सरकारचा, कर अजून फिटत होता.

"अहो, पण ती मी हप्त्यानं फेडतेय! एक हप्ता चुकवला नाही."

"हप्ते चालू असले तरी वळता होतो, बाई. तुमची बाकी तेवढी उतरली."

"राज्याचा खिसा वेगळा, वॉशिंग्टनचा वेगळा!"

"खिसे वेगळे, पण कोट एकच."

मित्रांनो, मी थक्क झाले. एवढा पैसा एका सरकारकडून दुसऱ्याकडे गेला, कर्ज उतरवून मोकळा झाला, आणि रस्त्यावर चिमूटभर धूळ उडाली नाही! माझ्या पोटाबाहेर जग केवढं अफाट आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

व्हर्ना तिथंच उभी राहिली. "गॅसचं काहीतरी बघता येईल," ती पुटपुटली, "पण ड्वेनचं काय करू?"

दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या कुशीवरची लाल झेंडी वर केली. झेंडी वर असली की आत पाठवायचं टपाल आहे असं समजून टपालवाल्याला थांबावंच लागतं. ड्वेन थांबला. त्यानं झाकण उघडलं. मी रिकामी.

"टपाल कुठाय?"

"मीच आहे," बाजूला उभी असलेली व्हर्ना म्हणाली. "चेक सरकारनंच वळता केला होता. मी तुला चोर ठरवलं रे. चुकले. माफ कर मला."



"बिनतिकिटाचं टपाल मी घेत नसतो," ड्वेन म्हणाला, आणि त्यानं गाडीचं इंजिन बंद केलं.

मित्रांनो, पैशाची ती किमया थोरच, पण मला नवल वाटतं ते भर उन्हात उभ्या राहिलेल्या त्या म्हातारीचं. माझा उडालेला रंग कुणीही पुन्हा देईल. माणसाच्या नावाला लावलेला डाग पुसायला मात्र ज्यानं लावला त्यालाच रस्त्यावर यावं लागतं. म्हणून हरवलेलं आधी नीट शोधा, आणि मगच कुणाकडे बोट दाखवा.