आधी नमुना

आमच्या घरात माझ्या कामाची किंमत एवढीच, की कुणी शिंकलं की सगळे माझ्याकडे बघून हसायचे. "जंतूबाई, तुमचं माणूस आलंय, बघा." हा विनोद दादाचा. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेला डॉक्टर, हाताला गुण असलेला, देवमाणूस वगैरे. मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. मोठ्या रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत माझा उभा जन्म गेला. कुठल्या जंतूला कुठलं औषध लागू पडतं आणि कुठलं आता पडेनासं झालंय, एवढंच बघायचं काम. एकेक औषध निकामी होत गेलं तसे माझे शोधनिबंध वाढत गेले, लांबलांबून भाषणाची बोलावणी आली. घरात मात्र पिकतं तिथं विकत नाही.

दादाच्या दवाखान्यात सर्दीला इंजेक्शन, खोकल्याला इंजेक्शन, पोरगं परीक्षेआधी गळून गेलं तरी इंजेक्शन. तेही साधंसुधं नाही, भारीतलं अँटिबायोटिक. सर्दीला हे औषध शिवतसुद्धा नाही, हे मी त्याला शंभरदा सांगितलं असेल. "अगं, पेशंटला बरं वाटायला नको?" तो म्हणायचा. म्हणजे साप म्हणून भुई धोपटायची, आणि भुईतल्या बाकीच्या सगळ्यांना मार खायची सवय लावायची. जंतूंना सवय लागते, दादा, आणि लागली की ते ती पोराबाळांना शिकवून ठेवतात. यावर तो आईकडे बघून डोळे मिचकावायचा आणि आई हसायची. मला दोघांचाही राग यायचा. अजूनही येतो.

आई दादाकडेच राहायची, त्यामुळे तिलाही त्याचंच औषध. लघवीला जळजळ झाली की इंजेक्शन, वर गोळ्या. जळजळ थांबली की आई गोळ्याही थांबवायची. उरलेल्या पुढच्या खेपेला. असं किती वर्षं चाललं होतं, देव जाणे.

आमच्या धंद्यात एकच नियम डोळे झाकून पाळायचा असतो. आधी नमुना, मग औषध. लघवी असो, रक्त असो, पू असो, आधी बाटलीत घ्यायचं आणि मगच सुई टोचायची. कारण औषध एकदा अंगात गेलं की नमुना खोटं बोलायला लागतो. जंतू आत मजेत असतो आणि प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या बशीत, काहीच उगवत नाही. हा नियम मी शिकाऊ डॉक्टरांच्या डोक्यात इतका ठोकलाय की ते माझी नक्कल करतात म्हणे.

आईला थंडी वाजून ताप भरला त्या दिवशी मी कामावरून तशीच दादाकडे गेले. आई पांघरुणात कुडकुडत होती. वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी सकाळीच दोन इंजेक्शनं दिलीत." आणि दादाने मोठ्या कौतुकाने माझ्या हातात बाटली ठेवली. "घे. तुझ्यासाठी मुद्दाम नमुना ठेवलाय. आता तरी खूश?"

"हा इंजेक्शनच्या आधीचा की नंतरचा?"

"नंतरचा. म्हणजे काय, आधी आईला बघू की तुझ्या बाटलीला?"

आधी कळस, मग पाया. मी बाटली पिशवीत टाकली, लॅबमध्ये नेऊन लघवी प्लेटवर पसरली आणि प्लेट उबवणीच्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी प्लेट जशीच्या तशी, धुऊन ठेवल्यासारखी. शेजारी काम करणारी मुलगी म्हणाली, "काहीच नाही उगवलं, मॅडम. चांगलंच झालं ना?" तिला मी उगीचच फटकारलं.

फोनवर दादा हसला. "बघ. तुझीच लॅब सांगतेय. तापही उतरलाय."

"ती प्लेट खोटी आहे, दादा. लघवीत औषध उतरलंय, म्हणून काही दिसत नाही. मूत्रपिंडात काय आहे ते ठाऊक नाही आपल्याला. रक्ताचा नमुना घेऊ या, आजच."

"उगवलं असतं तर जंतू आहे म्हणाली असतीस. उगवलं नाही तरी आहेच म्हणतेस. तुझ्याशी बोलायचं कसं?"

खरं सांगायचं तर बाहेरच्या माणसाला हे असंच वाटणार. पण तो बाहेरचा नव्हता, तो डॉक्टर होता. मी सुई आणि बाटल्या घेऊन दादाच्या घरी गेले. आई उशीला टेकून बसली होती, चेहऱ्यावर जरा तरतरी होती. मी तिच्या दंडाला पट्टा बांधायला घेतला तर तिने हात पांघरुणात ओढून घेतला. "नको गं बाई. बरं वाटतंय मला. आणि दादा आहे ना." दादा दारात उभा होता. मी आईला विनवलं, मग रागावले, मग पुन्हा विनवलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पिशवी उचलून निघाले.

ताप परत आला तेव्हा दादाने औषध बदललं. मग आणखी एकदा बदललं. मला कळवलं ते आईची लघवी जवळजवळ बंद झाल्यावर. आमच्या रुग्णालयात आणली तेव्हा तिला आपण कुठे आहोत हेही समजत नव्हतं. आता रक्त घेतलं. आता कुणी अडवलं नाही.

या खेपेला प्लेट भरभरून उगवली. गुलाबी, ओलसर, बुळबुळीत वसाहती. तारेने स्पर्श केला की पाकासारखी तार निघत होती. मी त्यावर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं, जंतू तिथे पाऊल टाकत नाही. इथे तो प्रत्येक टिकलीला खेटून वाढला होता. एकच जुनं औषध नळीतल्या चाचणीत त्याला मारत होतं, आणि ते औषध मूत्रपिंडं जाळतं.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाई आमच्यासमोर सरळ बोलल्या. "पहिल्या तापाला हे कळलं असतं, तर तेव्हा किडन्या शाबूत होत्या. हे औषध बिनधास्त दिलं असतं, आई बहुतेक वाचल्याही असत्या. आता देऊ, पण फार आशा धरू नका."

दादा माझ्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा आला तो त्या दिवशी. मी प्लेट दिव्यासमोर धरली. त्याने एकेक टिकली बोटाने मोजली.

"दुसरं काहीच नाही?"

"नाही."

"असं कसं नाही? एवढी औषधं आहेत."

होती. सगळी होती, दादा, तू ती सर्दीला वाटलीस. हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तेवढ्यात वरून निरोप आला, आईला शुद्ध आली आहे आणि ती मला बोलावते आहे.

आई अगदी हळू बोलत होती. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"तू इतकी वर्षं त्या जंतूंतच असतेस. तुझ्याकडेही नाही काही औषध?"

"नाही गं, आई."

"मग दादाकडे तरी कुठून असणार." ती जरा थांबली. "त्याला काही बोलू नकोस. त्याला सोसायचं नाही. तू घट्ट आहेस."

मी हो म्हटलं. मरणाऱ्या आईला दुसरं काय म्हणतात? पण तिथे उभ्या उभ्या मला वाटलं, मीही एकदा लाडकी असते तर बरं झालं असतं.

औषध दिलं, उपयोग झाला नाही. आई गेली.

भेटायला येणाऱ्यांना दादा सगळं सांगायचा. ताप, औषधं, धावपळ. शेवटी कुणीतरी विचारायचंच, की एवढा भयंकर जंतू आला कुठून. "असले जंतू घरात कुठून असणार," तो म्हणायचा. "ते दवाखान्यांत असतात. लॅबमध्ये असतात." एवढंच. मग लोक आपोआप माझ्याकडे बघायचे. मी घरात आले की वहिनी भाचीला आतल्या खोलीत हाक मारायला लागल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्याशाने तोंड उघडायचं नाही असं वचन दिलेलं.

त्या जंतूवर माझा शोधनिबंध झाला. औषधं निकामी करण्याची त्याची युक्ती आजवर कुणी पाहिली नव्हती. परिषदेत एका ज्येष्ठ सहकाऱ्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, "तुमच्या कारकिर्दीतला सर्वांत देखणा जंतू." कुणाच्या रक्तातला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मी आभार मानले.

मग एक दिवस माझ्याकडे राहिलेली आईच्या कपाटाची किल्ली द्यायला दादाच्या दवाखान्यात गेले. बाकावर एक बाई तिच्या म्हाताऱ्या आईला धरून बसली होती. म्हातारी थंडीने दात वाजवत होती. "सारखं लघवीचं होतं तिला," बाई म्हणाली. "पण डॉक्टरांचं एक इंजेक्शन, की ताप पळालाच."

दादाने त्यांना आत बोलावलं. किल्ली ठेवून निघून जायचं होतं मला, पण मीही त्यांच्यामागून आत गेले. दादा सिरिंज भरत होता. त्याचे केस पांढरे झाले होते, हात मात्र स्थिर होता.

"दादा, आधी नमुना घे," मी म्हटलं. "नुसती बाटलीभर लघवी. मग काय टोचायचं ते टोच."

बाई गोंधळून त्याच्याकडे बघायला लागली. दादा माझ्यावर रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या बाईला अगदी मायेने म्हणाला, "मनावर घेऊ नका. माझी बहीण आहे. आई गेल्यापासून हिचं असं झालंय."

"अगं बाई," ती बाई म्हणाली. तिने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मग आपल्या आईची बाही वर सरकवली.