रापणीची खोड

भाई वकिलाला हरवायचं, आणि तेही क्लबच्या व्हरांड्यात बसलेल्या त्याच माणसांसमोर, एवढ्या एकाच इच्छेवर कॉस्मे मास्तर ते सबंध वर्ष जगत होता.

मालवणात टेनिस म्हणजे साहेबलोकांचं खूळ. शेणाने सारवलेलं एक कोर्ट, त्यावर खेळणारे मामलेदार, डॉक्टर, बंदरावरचे अधिकारी आणि भाई. सत्तावन्न साली हायस्कुलात इंग्रजी शिकवणाऱ्या कॉस्मेला त्यांनी सभासद करून घेतलं, आणि पहिल्याच रविवारी भाईने त्याचा फडशा पाडला. तेवढ्यावर थांबला असता तर तो भाई कसला! चहा पिता पिता सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "मास्तरानू, टेनिस खेळतास काय रापण ओढतास?"

व्हरांडा खो खो हसला. कॉस्मेच्या बापाने जन्मभर किनाऱ्यावर उभं राहून रापणीचं जाळं ओढलं होतं. शाळा सुटली की कॉस्मेही दोराला हात लावायचा. हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं? नाव न घेता भाईने त्याचा मेलेला बाप चव्हाट्यावर आणला. कॉस्मे तिथे कसनुसा हसला. घरी मात्र त्याने पेज तशीच बाजूला सारली.

मग तो इरेला पेटला. रोज संध्याकाळी समोर भाईचं नाक आहे असं समजून चेंडू हाणायचा. चेंडू कधी नेटमध्ये, कधी पलीकडच्या माडांत. मे महिन्यात थोरली बहीण मारियान मुंबईहून आली. तिकडे मुलींच्या शाळेत ती खेळ शिकवायची. तिने थोडा वेळ त्याचा हा धिंगाणा पाहिला.

"कॉस्मे, मारतंस जोरान, पण मागे मागे जातंस. भार सगळो टाचांर. रापण ओढतंस तसो."

"तू पण गो?"

"तो वकील मेलो वायट. पण बोललो तां खरां."

कॉस्मेने रॅकेट फेकली आणि तिच्याशी बोलणंच टाकलं. वैऱ्याचं खरं आणि सख्ख्या भावाचं खोटं, ही कुठली बहीण! पण एकदा कोर्ट नुकतंच सारवलेलं होतं आणि खेळून झाल्यावर त्याची नजर खाली गेली. ओल्या शेणात त्याच्याच टाचांचे खड्डे उमटले होते, एकामागे एक, पार मागच्या रेषेबाहेर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे भाईला एका दिवसात दिसलं, ते आपल्याला इतके महिने दिसू नये?

"शिकय माका," तो मारियानला म्हणाला.

तिने त्याला परसातल्या गडग्याला, चिऱ्यांच्या कुंपणभिंतीला, पाठ लावून उभा केला. मागे सरकला की चिऱ्याने पाठ सोलून निघायची. "राग आसा म्हणान तू रोज येतंस, तां बरां. पण पाय पुढे टाकूक राग शिकवणा नाय." सुट्टीभर ती चेंडू टाकत राहिली आणि कॉस्मे पुढे पाय टाकायला शिकला. राग त्याने जराही कमी केला नाही. फक्त तो पायांत जाऊ दिला नाही.

पाऊस सरला, कोर्ट वाळलं, आणि भरल्या व्हरांड्यासमोर कॉस्मेने भाईला हरवलं.

भाई घाम पुसत नेटपाशी आला, त्याने कॉस्मेचा हात धरला आणि व्हरांड्याकडे वळून ओरडला, "बघितलात? रापण ओढू नका म्हणान मियाच सांगितलंय मास्तरांका! माझोच चेलो!"

टाळ्या पडल्या, त्या भाईला! कॉस्मेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर रक्त आटवून जिंकलेला डाव या माणसाने उभ्या उभ्या खिशात घातला होता, आणि वर तो अगदीच खोटंही बोलत नव्हता.

त्याने भाईचा हात सोडला नाही. वर्गातल्या मागच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात, शुद्ध मराठीत तो म्हणाला, "खरं आहे, वकीलसाहेब. उपकार झाले. आता तुमची चूक मी सांगतो. फटका चांगला बसला की तुम्ही व्हरांड्याकडे बघता, कोणी वाहवा म्हणतंय का ते. मी दर वेळी तेवढ्यात चेंडू परत टाकत होतो."

कोणीच हसलं नाही. डॉक्टर कपात बघत बसले.

पुढच्या रविवारी मामलेदारांशी खेळताना भाईचा एक सुरेख फटका बसला. त्याची मान वळायला लागली आणि अर्ध्यावर थबकली. व्हरांड्यातले सगळे त्या मानेकडेच टक लावून होते. कॉस्मे तर खुर्ची पुढे ओढून बसला होता.