पडद्यावरची तीन घड्याळं

माझ्या माहेरी एकच घड्याळ होतं, भिंतीवरचं, लंबकाचं. रविवारी स्टुलावर चढून त्याला किल्ली द्यायचा मान भावाचा. मी स्टूल धरायची. त्याच मुलीने सत्तरी उलटल्यावर कॉम्प्युटरवर एकटीने तीन घड्याळं लावली. हे सांगताना माझी मान जरा ताठ होत असेल, तर होऊ दे.

कारणही तसंच होतं. आमच्या धाकट्या लेकीने परदेशात बांधलेला पूल शुक्रवारी खुला होणार होता. गाड्या सोडण्याआधी मुख्य इंजिनिअरने तो एकट्याने चालून जायचा, ही तिच्या कंपनीची रीत. तिथल्या सकाळी दहाला ते कॉम्प्युटरवर थेट दिसणार होतं, आणि पुन्हा दाखवणार नव्हते. थोरल्या मुलाचा पदवीदान समारंभ आमच्या ह्यांच्या बोटांवरच्या हिशेबापायी हुकला होता. बेरजेच्या जागी वजाबाकी झाली, आणि आम्ही पडद्यावर रिकाम्या खुर्च्या बघत बसलो. या खेपेला वेळेचं खातं मी माझ्याकडे घेतलं.

घड्याळांचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. पहिलं घड्याळ आपलं, दुसरं थोरल्याच्या शहराचं, तिसरं धाकटीच्या. तिच्या शहराच्या नावाची यादीत दोन गावं निघाली. वरचं निवडलं, तर भर दुपारी तिच्या घड्याळावर चंद्र उगवला! खालचं निवडल्यावर सूर्य आला. मग शहरांची नावं पुसून 'थोरला' आणि 'धाकटी' लिहिलं. आता कसं घरचं वाटलं.

शुक्रवारी जेवण झाल्यावर हे आडवे झाले. "साडेतीनला उठव."

"अडीचला आहे."

"साडेपाच तासांचा फरक. दहा नि साडेपाच, साडेपंधरा. शाळेत गेली होतीस ना?"

"गेले होते, म्हणून वाचता येतं. धाकटीच्या घड्याळाखाली बघा, उन्हाळी वेळ सुरू."

"वेळेला कसला आलाय उन्हाळा?"

"तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात."

"अख्खा तास? आणि लोक ऐकून घेतात? थोरल्याला विचार."

"त्याच्याकडे पहाटेचे चार वाजलेत. झोपू द्या त्याला."

बोलले खरी, पण घड्याळाखालची ओळ पुन्हा एकदा वाचून घेतली. ह्यांचं ऐकलं आणि ते चुकलं, तर पूल गेला. माझं चुकलं, तर जन्मभराचे टोमणे. मी टोमणे पत्करले.

सव्वादोनला ह्यांना हलवून उठवलं. पुटपुटत खुर्चीत बसले. पडदा काळा. अडीच वाजले, तरी काळाच. ह्यांनी घसा खाकरला. मी तिकडे बघितलंच नाही.

आणि चित्र आलं. राखाडी नदी, वर पांढरा पूल, आणि पिवळं हेल्मेट घातलेली आमची धाकटी. हात पाठीमागे बांधून सावकाश निघाली. मध्यावर थांबून तिने कठड्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

ह्यांनी चष्मा काढून पुसला. "चाल अगदी माझी आहे."

"तुमचीच," मी म्हटलं. "फक्त वेळेवर निघाली."