पातेल्यावरचं झाकण

पुराचं पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी प्रार्थना मंडळाची मदत गावात पोचली: दोन ट्रक, एक तंबू, देवाचं नाव लिहिलेला बारा हात लांब फलक आणि मावशी. मावशी मंडळाची स्वयंपाकीण. बावीस वर्षं ती भाविकांना जेवू घालत होती. मीठ कमी पडल्याची तक्रार एकानेही केली नव्हती. तेवढी छाती कुणाची नव्हती.

भात दहालाच शिजला. पण अध्यक्षांनी प्रार्थना म्हटल्याखेरीज पातेल्यावरचं झाकण काढायचं नाही, असा मंडळाचा नियम. आणि ट्रक पार झाल्यावर पूल तुटलेला, अध्यक्ष त्याच्यापलीकडे गाडीत अडकलेले. बारा वाजले. रांगेने शाळेला वळसा घातला.

रांगेत पुढेच एक ओली बाळंतीण बसली होती. दोन दिवस उपाशी, अंगावरचं दूध आटलेलं. सकाळी टाहो फोडणारं तिचं बाळ आता नुसतं तोंड उघडून मिटत होतं.

“व्यवस्थापकसाहेब, वाढते मी.”

“मावशी, जरा दम धरा.”

“मी धरते हो. त्या बाळाला कोण सांगणार?”

“प्रार्थनेशिवाय वाढलं तर ते नुसतंच अन्न!”

“त्यांना नुसतंच हवंय.”

“फोन लावतोय ना. रेंज नाहीये.”

“देवाला लागते का रेंज?”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. व्यवस्थापकांचा चेहरा आंबट झाला. “झाकणाला हात लावलात तर उद्यापासून कामावर येऊ नका.”

मावशीच्या घरात कमावणारी ती एकटीच. तिने हात पुसले, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “देवा, दिलंस तू, वाढते मी. चुकलं तर माझ्या माथी मार.”

प्रार्थना कानावर पडताच व्यवस्थापकांनी सवयीने हात जोडले, डोळे मिटले. उघडले तेव्हा पहिली थाळी बाळंतिणीच्या मांडीवर होती.

“ही प्रार्थना धरली जाणार नाही!”

“डोळे तर मिटलेत की तुम्ही,” रांगेतले एक आजोबा म्हणाले आणि थाळी पुढे केली.

अध्यक्ष तीनला होडीतून पोचले. पातेलं खरवडून झालं होतं.

“कुणाच्या परवानगीने?”

“फलकावर ज्याचं नाव लिहिलंय, त्याच्या.”

“तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

“उद्याचं उद्या. रात्रीचं जेवण अजून आजचंच आहे,” मावशी तांदूळ धुता धुता म्हणाली. “व्यवस्थापकसाहेब, सरपण आणा. ओलं नको.”

व्यवस्थापकांनी अध्यक्षांकडे पाहिलं, मग रांगेकडे. आणि सरपण आणायला गेले.